तीनशे चार नंबरातली एक्केचाळीस मुलं

अलीमियाँ परकारांना पत्ता विचारला की ते स्वतःचा सांगत नसत. जमातीचा, म्हणजे दुबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचा सांगत. देरात, सोनेबाजाराच्या मागल्या गल्लीत, तिसरा मजला, तीनशे चार. स्वतः ते मुहैस्नाहला लेकीकडे राहत. पण ती राहायची जागा. पत्ता म्हणजे तीनशे चार.

हे कळायला त्यांच्या गावचं असावं लागतं. गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या टोकाला, खाडीकाठी. निम्मी माणसं गावात, निम्मी दुबईत. आधी आलेल्यांनी वर्गणी काढून दोन खोल्यांची ही जागा भाड्याने घेतली. नवा आलेला पोरगा इथं उतरायचा. नोकरी गेलेला इथं परतायचा. मयताची बातमी आधी इथं यायची आणि लग्नाचं आमंत्रणही. या देशात टपाल घरी येत नाही, टपालपेटीत येतं. पेटी जमातीची, आणि तिची किल्ली गेली एकवीस वर्षं अलीमियाँच्या खिशात. दिवसा ते एका कार्गो ऑफिसात कागद करत. बाकीचा वेळ जमातीचा. कुणाला नोकरी लाव, कुणाचं भांडण मिटव, कुणाची औषधं गावी धाड.

पुढे माणसं संसाराला लागली, शहरभर पांगली. पण कुठलाही फॉर्म समोर आला की सगळे एकच लिहीत, तीनशे चार. अनेकांच्या राहत्या घराचा करार त्यांच्या नावावर नव्हता. एका फ्लॅटला नियमाबाहेर प्लायवुडच्या भिंती घालून तीन कुटुंबं राहत आणि करार चौथ्याच्याच नावावर असे. त्यांनी दुसरं काय लिहावं? पण ज्यांचं बर दुबईत कापडाचं दुकान होतं, दारात दोन गाड्या होत्या, तेही तेच लिहीत.

"गावचा पत्ता असताना बिल्डिंगवाल्याचा कशाला?" अलीमियाँच त्यांना म्हणत. शाळेचा फॉर्म घेऊन कुणी आलं की ते चष्मा लावत आणि सुबक अक्षरात पत्ता स्वतः लिहून देत. अभिमानाने.

एक्केचाळीस फॉर्मांवर त्यांनी तो लिहिला होता.

सागरदीप शिक्षणसंस्थेच्या दोन शाळा. जुनी मुहैस्नाहमध्ये, नवी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथं बंगले संपून वाळू सुरू होते तिथं. सख्ख्या बहिणी, पण एक राजाच्या घरी पडली आणि एक गड्याच्या. जुन्या शाळेत ड्रायव्हरांची, कारकुनांची, शिंप्यांची मुलं. नव्या शाळेत मॅनेजरांची. जुन्या शाळेत एका वर्गात चाळीस मुलं, नवीत बावीस. अकरावीला बायोलॉजी फक्त नवीत होती, कारण प्रयोगशाळा फक्त तिथं होती.

संस्थेने ठरवलं की हे बास झालं. नववी ते बारावीची मुलं आता फी बघून नाही, घर बघून वाटायची. शहराच्या नकाशावर नवी हद्द आखायची, अशी, की दोन्हीकडे सगळ्या थरांतली मुलं सारखी येतील. ज्याची फी जेवढी होती तेवढीच राहील. कागदावर ही गोष्ट चांगली होती. खरं म्हणजे कागदाबाहेरही चांगलीच होती. अलीमियाँना ती मनापासून पटली होती. जमातीत त्यांनी दहा जणांना ती समजावून सांगितली होती.

जानेवारीत याद्या आल्या आणि फोन खणखणू लागले.

"चाचा, माझ्या रुहानला शाळेची घंटा घरात ऐकू येते! त्याला आता पावणेसहाची बस?"

"चाचा, आमच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं जुन्या शाळेत आणि आमचीच तेवढी वाळवंटात? आम्ही काय केलंय?"

अलीमियाँनी नावं मांडली. जमातीची नववी ते बारावीतली सगळी मुलं, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस, नव्या शाळेत. देरातली असोत, मुहैस्नाहची असोत, बर दुबईची असोत. त्यांना थोडा वेळ लागला. मग एकदम उजेड पडला आणि ते खुर्चीत बसले.

संगणकाने मुलं फॉर्मवरच्या पत्त्यावर मांडली होती. त्याला देरात, एका दोन खोल्यांच्या जागेत, एक्केचाळीस मुलं सापडली. एवढी दाटी म्हणजे शहरातली सगळ्यात गरीब जागा. नव्या शाळेला गरीब मुलं हवी होती. मग हद्दीची रेघ सरळ येता येता देरापाशी फुगली, त्या एका इमारतीला वळसा घालून गेली आणि सगळ्यांना घेऊन पलीकडे उतरली.

आपल्याच अक्षराने.

ते घरी आले तेव्हा नात दारातच उभी होती. मुनिबा दहावीत होती. बाप जहाजावर, वर्षातून दोनदा येणारा.

"नाना! आय गॉट इट! न्यू स्कूल! बायोलॉजी!"

तिने त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना गोल फिरवलं. गेलं वर्षभर ती बायोलॉजीसाठी घरात धुमसत होती. बाहेरच्या एका शाळेत चौकशी केली तर फी निघाली एका टर्मला सहा हजार दिरहम. "म्हणजे आपले दीड लाख," असं मोठ्याने म्हणून तिच्या आईने, जहांआराने, फोन ठेवून दिला होता. त्या दिवसापासून विषय बंद होता. आता मुनिबाच्या तोंडावर जे होतं ते अलीमियाँनी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन लेकीला हळू आवाजात सगळं सांगितलं.

जहांआरा मासळी धुवत होती. तिने नळ बंद केला. "अब्बा, गप राहा."

"चूक आहे ती."

"असू दे. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची चूक आपल्या बाजूने झालीय."

"रुहान पहाटे पावणेसहाला बस धरणार. असे तीस आहेत."

"आणि ही? हिने काय, तुमच्यासारखे कार्गोचे कागद करायचे?"

अलीमियाँ चार दिवस गप्प राहिले. गप्प म्हणजे स्थिर नव्हे. ऑफिसात चहा मागवायचे आणि विसरायचे. मेट्रोत बसायला जागा असून उभे राहायचे. नमाजाला उभे राहिले की रकातींची मोजणी चुकायची. मुनिबा कुठूनतरी बेडकाच्या हृदयाचं चित्र काढून आणायची, त्यांना दाखवायची, आणि ते म्हणायचे, "माशाल्ला, माशाल्ला," आणि उठून गॅलरीत जायचे.

पाचव्या दिवशी शाळेतून फोन आला. हद्दीच्या समितीच्या मंजुषा लिमये. पुण्याच्या, बोलायला मऊ.

"काका, मला तुमची तीनशे चार बघायला यायचंय. दोन खोल्यांत एक्केचाळीस मुलं, मला तर झोप लागेना. हे मला नगरपालिकेला कळवावं लागेल हो."

नगरपालिका तीनशे चारला आली की तिथून ती प्लायवुडच्या प्रत्येक भिंतीपर्यंत जाणार.

"मॅडम, तुम्ही येऊ नका. मीच येतो," ते म्हणाले आणि तसेच निघाले.

मंजुषाबाईंच्या खोलीत आधीच एक गृहस्थ बसलेले होते. चारुदत्त करंदीकर. त्यांचा मुलगा नीरव नव्या शाळेतून जुन्या शाळेत जाणार होता आणि ते रोज येऊन बसत.

अलीमियाँ उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, तिथं एकही मूल राहत नाही."

"एकही नाही?"

"चार पुरुष राहतात. आणि एक मांजर. मांजराचं नाव शाळेत घातलेलं नाही."

मंजुषाबाईंना हसावं की रडावं कळेना. करंदीकरांना मात्र कळलं. ते खुर्चीच्या कडेला सरकले. "म्हणजे सगळा डेटाच खोटा! खलास. मॅडम, प्रोसेस कॅन्सल करा. सगळे जिथं होते तिथं राहू देत."

"साहेब, चूक माझी आहे," अलीमियाँ म्हणाले. "एका पत्त्याची. बाकी तुमच्या मुलाला आमच्याकडे पाठवायचं नसेल, तर ते वेगळं सांगा. माझ्या चुकीत गुंडाळू नका."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग चहा घेऊ या."

करंदीकर चहा न घेता गेले. मंजुषाबाईंनी डोकं दोन्ही हातांत धरलं. "काका, मला मुलांच्या खऱ्या घरांचे करार आणून द्या. आठ दिवसांत. नाहीतर ते म्हणतात तसंच होईल."

"करार नाही मिळणार."

"का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही.

मग अलीमियाँना युक्ती सुचली. इथं प्रत्येक इमारतीच्या दारावर दहा आकड्यांची लहानशी पाटी असते. तिला मकानी म्हणतात. त्या आकड्यांवरून इमारत नकाशावर नेमकी सापडते. पण आत कोण राहतं, कितीजण राहतात, करार कुणाचा, हे त्यावरून कळत नाही.

"तेवढं चालेल?"

"तेवढंच लागतं," मंजुषाबाई म्हणाल्या.

नंबर फोनवरून मागवता आले असते. त्यांनी मागवले नाहीत. पुन्हा कुणी सवयीने देरा सांगेल, अशी धास्ती. ऑफिस सुटलं की ते मेट्रो धरत, मग बस, मग पायी. त्रेसष्ट वर्षांचा माणूस इमारतींच्या दाराशी वाकून वहीत आकडे उतरवतोय. एका वॉचमनने हटकलं, "क्या चाहिये, बाबा?" ते म्हणाले, "घर." वॉचमन म्हणाला, "खाली नहीं है." एके ठिकाणी मुलाची आई दारात रडली, की तुम्ही आम्हाला पकडून देणार. त्यांनी तिला वही दाखवली. फक्त आकडे. खोलीचा नंबर नाही, नाव नाही. तिने चहा दिला, पण वहीवरची नजर काढली नाही.

सात दिवसांत चाळीस झाले. एक्केचाळिसावी पाटी त्यांच्याच दारावर होती.

ते वही घेऊन खाली आले, तर मुनिबा पायरीवर बसली होती. दप्तर मांडीवर. तिला आईने सांगितलं असावं.

"नाना, लीव्ह अवर्स."

"बेटा..."

"फक्त आपलं. फोर्टी इज इनफ. नोबडी विल नो."

"तुला माहीत. मला माहीत."

"सो? आपण दोघं कुणाला सांगणार नाही."

ती हसत नव्हती. त्यांना वाटलं, आपण बसावं तिच्या शेजारी, वही मिटावी आणि वर जाऊन जेवावं. ते बसलेही. पाच मिनिटं दोघं रस्त्याकडे बघत राहिले. समोर जुन्या शाळेची भिंत दिसत होती.

मग ते उठले, पाटीशी वाकले आणि आकडे लिहिले. मुनिबा त्यांच्या बाजूने न जाता मागच्या जिन्याने वर गेली.

हद्द पुन्हा आखली गेली. देराचा फुगवटा गेला. रुहानची पावणेसहाची बस टळली. बर दुबईचे दुकानवाले नव्या शाळेत गेले, नीरव करंदीकर जुन्या शाळेत आला. मुनिबाही जुन्या शाळेत.

दुसऱ्याच आठवड्यात मंजुषाबाईंचा फोन. "काका, तुमच्या खरेपणाने माझा हिशेब परत बिघडला. नव्या शाळेत पुन्हा सगळे गाड्यावाले. बारा जागा मी राखून ठेवल्यात. हद्दीबाहेरच्या, कमी फीच्या मुलांना. स्वखुशीने येतील त्यांना. बस फुकट. तुमच्या लोकांत कोण तयार आहे विचारा आणि यादी द्या."

रमजान चालू होता. तीनशे चारमध्ये इफ्तारला पन्नास माणसं जमली होती, जिन्यापर्यंत जेवणाचे दस्तरखान अंथरले होते. अलीमियाँनी उभं राहून विचारलं. एकेक बाप हात वर करू लागला. कुणाच्या मुलीला बायोलॉजी हवी होती, कुणाच्या मुलाला फुटबॉलचं मैदान, कुणाला नुसताच बदल. अलीमियाँ लिहीत गेले. एक, दोन, पाच, नऊ.

त्या खोलीत एक रीत आहे. कुणी ती कुठं लिहून ठेवलेली नाही. जो वाढतो तो शेवटी बसतो. एकवीस वर्षं अलीमियाँ वाढत होते. खजूर संपले तर संपले, त्यांची कधी तक्रार नव्हती. सगळ्यांची नावं लिहून झाली, आणखी कुणी आहे का हे दोनदा विचारून झालं. मग त्यांनी खाली स्वतःच्या नातीचं नाव लिहिलं. हात एकदाही अडखळला नाही. त्यांच्या मनात त्या क्षणी काही आलंच नाही, हेच पुढे त्यांना सर्वांत जास्त लागलं.

नावं तेरा झाली होती.

मंजुषाबाईंनी यादी वरून मोजली. दुसरं काय करणार होत्या? बारांचं झालं. तेरावं नाव प्रतीक्षेत.

मुनिबाने शाळेचं पत्र स्वतः उघडलं. "वेटिंग लिस्ट, वन," तिने वाचलं. मग विचारलं, "यादी कुणी केली?"

"मी."

"मला लास्ट कुणी लिहिलं?"

"मीच."

"व्हाय?"

त्यांनी रीत सांगायचा प्रयत्न केला. वाढणारा शेवटी बसतो. ती ऐकत होती. दहावीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता, हातात हायलाइटर होता.

"पण जेवण तुमचं होतं, नाना," ती म्हणाली. "ही सीट माझी होती."

एवढं ती मराठीत बोलली. शांतपणे. अलीमियाँना वाटलं, हिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

ते मंजुषाबाईंकडे गेले. त्या हळहळल्या. "आता तेराव्याला घेतलं तर करंदीकर उद्या इथंच उभे राहतील. काका, तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं हो. पण थांबा. पहिलं नाव तिचंच आहे. मार्च संपला की इथं कुणी ना कुणी देश सोडतंच."

त्या सहज बोलल्या. अलीमियाँ मात्र ते वाक्य घेऊन घरी आले आणि ते वाक्य त्यांना बसू देईना.

देश सोडतंच. कोण? बाराच्या बारा त्यांचीच माणसं. कुणाची कंपनी डळमळते, कुणाचा व्हिसा संपत आलाय, कुणाची बायको गावी जायचं म्हणते, हे जमातीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते लोकांना फोन करू लागले. "काय, बरं आहे ना? कंपनी ठीक?" हे ते पूर्वीही विचारत. पूर्वी "ठीक आहे, चाचा" ऐकलं की अल्हमदुलिल्ला म्हणून ठेवून देत. आता ते ऐकलं की आत काहीतरी खाली बसायचं. एकदा त्यांनी स्वतःला पकडलं. एका बापाला खोकला झाला होता आणि ते त्याला म्हणत होते, "गावची हवाच बरी रे." फोन ठेवून त्यांनी तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

ईद झाली. शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायला आठवडा उरला. शुक्रवारी जुम्याची नमाज पढून ते घरी आले आणि मागोमाग ओवेस आला. ओवेस मुकादम, यादीतल्या सातव्या नावाचा बाप. मुलगी सुमैय्या. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"चाचा, खलास. कंपनी बंद. काल सगळ्यांचे व्हिसे कॅन्सलला दिले."

जहांआराने पाणी आणून दिलं. मुनिबा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. तिचं पान उलटायचं थांबलं.

"सुमैय्याला आणि तिच्या आईला गावी पाठवतो," ओवेस म्हणाला. "मी बघतो इथं कुठं पडायला मिळालं तर." मग त्याने कोपऱ्याकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला. "निदान आपल्या मुनिबाचं काम होईल. मी मॅडमना आजच सांगून टाकतो, चाचा. उगाच जागा अडवायची कशाला?"

अलीमियाँच्या छातीत आनंदाची एक उसळी आली. खरीखुरी. ती त्यांना स्पष्ट जाणवली, आणि त्यांचे कान तापले. समोरचा माणूस उद्ध्वस्त होऊन आला होता आणि त्यांच्या आत ईद चालली होती.

"सांगू?" ओवेसने फोन काढला.

जहांआरा बापाकडे बघत होती. तिच्या नजरेत काय होतं ते न बघताच त्यांना कळत होतं.

"ठेव तो फोन," अलीमियाँ म्हणाले. "तू सात वर्षं गोदामाचा हिशेब ठेवलायस ना?"

"आठ."

"बस मग. यल्ला, चहा पी."

त्यांनी खिसे चाचपले. चष्मा सापडेना. त्यांनी आपला फोन मुनिबाकडे धरला. "बेटा, मीना बाजारच्या फारूखशेठचा नंबर काढ."

मुनिबा जागची हलली नाही. "अँड मी, नाना?"

ओवेसने दोघांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"आधी हा," अलीमियाँ म्हणाले. "मग तुझ्यासाठी मंजुषा मॅडमना फोन करतो. सगळ्यात आधी तुझं नाव घेतो. भीक मागावी लागली तर मागतो. पण आधी हा."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने फोन हातातून ओढून घेतला, जवळजवळ हिसकावला, आणि अंगठा खालीवर फिरवू लागली.

"फारूख कोणता? देअर आर थ्री."

"दुकानवाला."

तिने लावून दिला. रिंग वाजत राहिली. पलीकडून कुणीतरी सलाम म्हणालं.

"वालेकुम सलाम, फारूखशेठ. अलीमियाँ बोलतोय," ते म्हणाले. "एक माणूस पाठवतोय तुमच्याकडे. आमच्या घरचा आहे."